उन्हाचा रकाना

जमिनीखाली साडेतीनशे मीटरवर पोतं उन्हात किती दिवस टिकेल, असं मला लेखी विचारण्यात आलं होतं. विचारणारा माणूस वेडा नव्हता. आमच्या खरेदी विभागाचा प्रमुख होता तो, माझ्यापासून तीन टेबलं सोडून बसायचा. तोंडाने विचारलं असतं तर मी तोंडाने सांगितलं असतं की बाबा रे, खाली ऊन नसतं. पण त्याला सगळं कागदावर लागायचं. पाठीमागे सगळे त्याला रकानेसाहेब म्हणायचे, कारण फॉर्ममधला एक रकाना मोकळा दिसला की त्याच्या पोटात दुखायचं.

मी खाणीचं भांडार सांभाळते. खिळ्यापासून पंपापर्यंत जे काही खाली जातं ते माझ्या हाताखालून जातं. एकोणीस वर्षांत काय काय मागवलं त्याला गणती नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या वस्तूंकडे मी नीट बघितलंही नाही. पण या पोत्यांसाठी मात्र मी जिवाचं रान केलं.

कारण सांगते. आमच्या खाणीत सगळ्यात खालच्या पातळीवर एक जुना बोगदा आहे, पाण्याने भरलेला. ते पाणी अलीकडे येऊ नये म्हणून बोगद्याच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांचा बांध आहे. सिमेंटची भिंत तिथे चालत नाही. डोंगर सारखा थोडा थोडा हलतो आणि भिंतीला तडे जातात. पोती मात्र डोंगर हलेल तशी हलून पुन्हा बसतात. बांधाच्या अलीकडे पंपघर, आणि पंपघरात रोज आठ तास माझा दादा. पंप बघणं आणि बांध बघणं, दोन्ही त्याचंच काम.

मागच्या वर्षी एका दुपारी तो बांध बसला. फुटला नाही, बसला. खालच्या थरातली पोती कुजली होती, वरची त्यांच्यावर खचली आणि पाणी आत आलं. माणसं वर यायला सव्वा तास लागला, आणि तेवढा वेळ दादा कमरेएवढ्या पाण्यात पंप चालू ठेवून उभा होता. एक पोतं गुडघ्यावर येऊन आदळलं, तेव्हापासून तो जिना चढताना कठड्याला धरतो. त्याच्या निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. नवा बांध नऊ वर्षं टिकायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी कुणाच्या डोक्यात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

जुनी पोती कशाने गेली ते मी आधी शोधलं. खालून तुकडे वर आणवले. तागाच्या पोत्यांचा नुसता चिखल झाला होता. मधल्या काळात कुणीतरी प्लास्टिकचा लेप दिलेली गुळगुळीत पोती घातली होती. ती कुजली नव्हती, पण एकमेकांवरून साबणासारखी सरकली होती. म्हणजे पोतं कुजायला नको, सरकायला नको, आणि वर दहा थरांचं ओझं पडलं तरी वीण उसवायला नको. खालचं पाणीही साधं नाही. तांबूस, आंबट पाणी आहे ते, लोखंडी खिळा महिन्याभरात खातं.

बाजारातून मी सात प्रकारची पोती मागवली आणि रकानेसाहेबाकडे चाचणीची परवानगी मागितली. चाचणीसाठी वेगळा फॉर्म होता आणि तो फॉर्म संपला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मरू दे, घरीच करते.

दादा आणि वहिनी आमच्या शेजारच्याच घरात राहतात, मधे एक भिंत. दादा रोज डब्याच्या पिशवीतून एक कॅन खालचं पाणी आणायचा. मी सातही पोत्यांच्या छोट्या पिशव्या शिवल्या, वाळू भरली, सात बादल्यांत बुडवल्या आणि प्रत्येकीवर दगड ठेवले. खाली अंधार असतो म्हणून बादल्याही अंधारात, दोन्ही घरांच्या सामाईक जिन्याखाली. एवढा बारीक विचार केला होता मी. दर महिन्याला एक पट्टी कापायची, भाजीवाल्याच्या काट्याला लटकवायची आणि किती ओढल्यावर तुटते ते बघायचं.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "जिन्याखाली काहीतरी मेलंय."

"ताग मेलाय, वहिनी. तिसऱ्या बादलीतला."

"मग त्याला पोचवून या कुठेतरी. माझ्याकडे माणसं येतात."

दादा हसत होता. मला हसू येत नव्हतं. आठ महिने तो वास आम्ही दोन्ही घरांनी सहन केला. आठ महिन्यांनी सातातलं एकच पोतं पहिल्या दिवसासारखं राहिलं होतं. जाड, खरखरीत विणीचं, पांढरं, दिसायला अगदी गबाळं. पट्टी तुटायच्या आधी काट्याचा आकडाच वाकला. दादाने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी ओढलं आणि म्हणाला, "हे आण." त्याच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं.

आणि इथे घोडं अडलं. फॉर्मवर एक रकाना होता: उन्हात किती दिवस टिकेल. कारखानदाराने प्रामाणिकपणे लिहून दिलं, उन्हाची हमी नाही. दुसरं एक पोतं होतं, पाचव्या बादलीतलं, सहा महिन्यांत मऊ पडलेलं. त्याच्याकडे उन्हाचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र होतं, सोनेरी शिक्क्याचं. रकानेसाहेब म्हणाला, हेच घ्या.

"साहेब, ते पाण्यात सहा महिन्यांत जातं."

"पाण्याचा रकाना नाही, बाई. उन्हाचा आहे."

"खाली ऊन नाही."

"तसं लेखी द्या."

दिलं. त्याने विचारलं, नाही कशावरून? मी लिहिलं, जमिनीखाली आहे. त्याने लिहिलं, सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. खाणीत ऊन पडत नाही याचा दाखला. नाकी नऊ आले माझ्या. तीन महिने हा पत्रांचा खेळ चालला, आणि तेवढा काळ दादा तात्पुरती डागडुजी केलेल्या बांधाशेजारी बसत होता. रोज दुपारी चारला शिफ्ट सुटायची, आणि चार वाजून दहा मिनिटांनी तो भांडाराच्या खिडकीवरून गेला की माझा जीव भांड्यात पडायचा.

शेवटी मोठ्या साहेबांसमोर बैठक झाली. आठ-दहा माणसं होती. रकानेसाहेबाने फॉर्म पुढे केला आणि मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं. माझा तोल गेला. मी म्हटलं, "साहेब, ज्या दिवशी खालच्या पातळीवर सूर्य उगवेल त्या दिवशी मी स्वतः जाऊन प्रत्येक पोत्यावर छत्री धरीन." सगळे खो-खो हसले. मोठे साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी तो रकाना खोडून सही केली. रकानेसाहेबाचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. आठवडाभर मी तो किस्सा ज्याला त्याला सांगत सुटले होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पोती आली. सहा मोठे गठ्ठे, कापडात बांधलेले. त्याच आठवड्यात नव्या पंपांची खोकी येऊन भांडार गच्च भरलेलं, पाय ठेवायला जागा नाही. मी गठ्ठे मागच्या आवारात ठेवायला सांगितले, दोन आठवड्यांचाच प्रश्न होता. पण बांध नव्याने घालायचा तर मागचं पाणी उतरायला हवं, आणि पाणी काही उतरेना. दोन आठवड्यांचे चार महिने झाले. चारही उन्हाचे. उतरवताना गठ्ठ्यांचं कापड कडेने फाटलं होतं, आत पांढरं पोतं दिसायचं. आवाराची राखण करणारे काका एकदा खिडकीशी आले.

"ताई, पोत्यांवर ताडपत्री टाकू का? एक पडून आहे."

पडून असलेल्या ताडपत्रीचीही चिठ्ठी करायची, म्हणजे पुन्हा रकानेसाहेबाचं तोंड बघायचं. मी म्हटलं, "काका, नऊ वर्षं आंबट पाण्यात राहायची आहेत ती. चार दिवस बाहेर पडली म्हणून काय झिजणार आहेत?"

काका बरं म्हणाले आणि गेले.

मग पाणी उतरलं, दादाच्या टोळीने अठ्ठावीस दिवस खपून बांध घातला. पोतं काठोकाठ भरायचं नाही, थोडं रिकामं ठेवायचं, तोंड दुमडून खाली घालायचं, म्हणजे ते नीट बसतं आणि शेजाऱ्याला धरतं. दादा स्वतः एकेक पोतं लाथेने चोपून बसवत होता, तो गुडघा घेऊन. काम संपलं त्या दिवशी वहिनींनी जिन्याखालच्या सगळ्या बादल्या घासून उन्हात पालथ्या घातल्या आणि मला म्हणाल्या, "सुटलो बाई." मीही तेच म्हटलं. त्या रात्री मला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली.

तीन आठवडे गेले. एक गठ्ठा उरला होता. भांडारात आता जागा झाली होती, म्हणून म्हटलं तो आत घ्यावा. काका एका बाजूने, मी दुसऱ्या. मी वरच्या पोत्याचा कोपरा मुठीत धरून ओढला आणि कोपरा माझ्या मुठीतच राहिला. उघडून बघते तर पांढरा भुगा, खरवडलेल्या चुन्यासारखा.

दुसरं घेतलं. अंगठा दाबला, आरपार गेला. तिसरंही तसंच. पाचवं जरा बरं. दहाव्यापासून पुढे सगळी टणक, ओढून ओढून हात दुखले तरी फाटेनात. दुसऱ्या बाजूने, कडेने, जिथे जिथे कापड फाटलं होतं तिथे तेच. ऊन लागलं तेवढी बाहेरची पोती गेली होती आणि आतली शाबूत.

मी तिथेच मातीत बसले. काका पाणी आणायला धावले. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं, फक्त बाकीचे पाच गठ्ठे होते. तेही याच आवारात, याच उन्हात पडले होते, आणि आता बांधात होते. त्यातलं कुठलं पोतं कुठल्या थरात गेलं हे देवालाही सांगता आलं नसतं. आठ महिने मी अंधार, पाणी, ओझं, सगळं तपासलं. खाली जायच्या आधी पोतं वर असतं, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. आणि ज्याने ती विचारली त्याला मी दहा माणसांत हसले होते.

खोटं कशाला बोलू, गप्प बसावं असंही मनात येऊन गेलं. बांध उभा होता. गळत नव्हता. मला आणि काकांना सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि काकांना त्याचा अर्थ कळला नव्हता. कदाचित खराब पोती भरतानाच फाटून गेली असतील. घड्याळात दोन वाजले होते. दादा यायला अजून दोन तास होते, आणि त्या विचाराने मला उठवलं.

मी भुग्याची मूठ तशीच घेऊन रकानेसाहेबाच्या टेबलाशी गेले आणि त्याच्या स्वच्छ कागदांवर ती उघडली. सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता हा माझी सालटी काढणार. त्याचा हक्कच होता.

त्याने भुग्याला बोट लावलं, चष्मा काढला. "उन्हाने?" म्हणाला.

"उन्हाने. तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही, की पोती आवारात पडतात म्हणून तो रकाना आहे?"

"मला कुठे माहीत होतं, बाई," तो म्हणाला. "रकाना होता. म्हणून भरून मागत होतो."

मला त्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. त्याने पंप चालू ठेवून सगळी माणसं वर बोलवायचा आदेश स्वतःच्या हाताने लिहिला आणि फॉर्मशिवाय मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरला. त्याला तसं जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माणसं वर आणणाऱ्या लिफ्टच्या पिंजऱ्याच्या दारातच मी दादाला गाठलं. हेल्मेट काढायच्या आधी सगळं सांगितलं, ताडपत्रीसकट. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू दगड होत होता.

"भरताना काही फाटली होती का?" मी विचारलं.

"तीस-चाळीस. दर वेळी फाटतात."

"मग जी अर्धवट खराब होती ती भरताना तगली असतील, दादा. ओझ्याखाली जातील."

"असतील. जातील." तो म्हणाला. "अठ्ठावीस दिवस आम्ही घाम गाळला तिथे. आता असतील-जातीलवर बांध काढायचा?"

"हो."

"तुला तेव्हा ताडपत्री टाकता आली नाही?"

दादा कठड्याला धरून जिना उतरला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचा बंद झाला. काही लागलं तर वहिनींना सांगायचा, आणि मी समोर असले तरी वहिनी मला सांगायच्या.

बांधामागचं पाणी पुन्हा उपसून खाली आणलं. या वेळी ते फार चढलं नव्हतं, म्हणून अकरा दिवसांत झालं. मग वरच्या थरापासून पोती काढायला घेतली. मी मोठ्या साहेबांना म्हटलं, मी खाली जाते, प्रत्येक पोतं मी तपासते. भांडाराचं माणूस खाली जात नाही, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, आता जातं.

पहिल्या दिवशी एकही खराब निघालं नाही. गडी पोतं काढून माझ्यापुढे टाकायचे, मी चारही बाजूंना अंगठा दाबायचे, ते बाजूला रचायचे. दुसऱ्या दिवशीही नाही. गड्यांची कुजबुज माझ्या कानावर येत होती. बाईला भास झाला. बसल्या जागी आमच्या पाठीचा काटा ढिला केला. दादा पोतं माझ्यापुढे ठेवत नव्हता, आपटत होता. माझा अंगठा सुजला होता. मनातून मी देवाची करुणा भाकत होते की एकही खराब निघू नये, आणि त्याच दमात वाटायचं की एक तरी निघू दे, नाहीतर मी या माणसांना तोंड कसं दाखवू. लाज वाटत होती मला त्या विचाराची.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर खालून दुसऱ्या थराला हात घातला. पंपाच्या बाजूचा कोपरा होता. दादाने पोत्याचे दोन कान धरले आणि उचललं. कान वर आले, पोतं आलं नाही. वाळू तिथेच होती, पोत्याच्या आकाराची, दाबून बसलेली, आणि तिच्याभोवती पोतं नव्हतं. नुसते धागे होते. दादाने शेजारच्याला बोट लावलं. वाळू घरंगळली. त्याच्या शेजारचंही तेच. एका ओळीत सात निघाली, आणि त्यांच्या मागून ओल पाझरायला लागली होती.

पंपाचा आवाज तेवढा चालू होता. कुजबुजणाऱ्या गड्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून पुन्हा घातलं.

दादा खाली बसला. दुखरा गुडघा लांब करून, जमिनीवरच, हातात ते दोन कान घेऊन. मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"इथेच पाठ टेकून मी डबा खातो," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी वाळूत बसले, पुढचं पोतं ओढून घेतलं आणि अंगठा दाबला.